आधी फॉर्म, मग टेप: आमची वाटचाल

ठाण्यात नौपाड्याला आमचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर सिलिकॉनचा फॉर्म, म्हणजे ब्रामध्ये घालायचा कृत्रिम स्तन, वापरणाऱ्या बायकांच्या कामातून त्याची सुरुवात झाली. परळचं टाटा रुग्णालय आणि खारघरचं त्यांचंच कर्करोग केंद्र अ‍ॅक्ट्रेक, दोन्हीकडे उपचाराला जाणारे पेशंट आपल्या या पट्ट्यात बरेच. त्यांच्यासाठी आत फॉर्म ठेवायला खिसा असलेल्या ब्रा आणि ब्लाउज शिवता शिवता फॉर्मचं वजन, त्याची कड, त्याचा उतार हाताला कळत गेला. पुढे लावणी करणारे पुरुष कलाकार येऊ लागले आणि त्यांच्या मागोमाग क्रॉसड्रेसर, म्हणजे बायकांचा पेहराव करणारी पुरुष गिऱ्हाइकं. ज्या महाराष्ट्रात बालगंधर्वांच्या पेहरावाचं अनुकरण घरंदाज बायकांनी केलं, तिथे पुरुषाने देखणी साडी नेसावी यात आम्हाला कधी नवल वाटलं नाही. आज निम्म्याहून जास्त काम याच गिऱ्हाइकांचं आहे, आणि ते आम्ही मनापासून करतो.

येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, मला कोणता ड्रेस शोभेल? आम्ही सुरुवात आतून करतो, कारण फॉर्म जागेवर नसेल तर वरचा कोणताच कपडा नीट पडत नाही.

सिलिकॉनचं वजन जवळपास पाण्याइतकं असतं. ५०० मिलिलिटरचा फॉर्म अर्ध्या किलोच्या आसपास भरतो, म्हणजे जोडी किलोभर. हे वजन छातीखालच्या पट्ट्याने पेलायचं, खांद्यांनी नव्हे. पट्टा सैल असला की लोक खांद्याच्या पट्ट्या ओढून फॉर्म वर आणतात. मग मागचा पट्टा पाठीवर चढतो आणि फॉर्म पुढे झुकतात. पट्ट्याखाली जेमतेम दोन बोटं जावीत आणि तो पुढून-मागून एका रेषेत असावा. ब्रा पूर्ण कपची, मागे तीन हुकांची, खिसा होजियरीच्या सुती कापडाचा. लेसची ब्रा मलमलच्या कुर्त्याखाली घालू नका, तिची प्रत्येक शिवण वर उठते. आणि पांढऱ्या कपड्याखाली पांढरी नको, कातडीच्या रंगाची घ्या.

आकाराच्या बाबतीत सर्वात जास्त पैसे वाया जातात. छातीखालचा घेर आणि भरलेल्या छातीचा घेर यांत एक इंचाचा फरक म्हणजे ए कप, दोनचा बी, तीनचा सी. पण फॉर्मला स्वतःचं फक्त आकारमान असतं. जो फॉर्म ३४ च्या पट्ट्यावर सी कप भरतो, तोच ३८ वर जेमतेम ए होतो. त्यामुळे ऑनलाइन ‘सी कप’ बघून मागवलेली जोडी रुंद छातीवर छोटी आणि मधोमध चिकटलेली दिसते. मग माणूस एकदम मोठ्यात मोठी जोडी घेतो, तीही चुकीची. आमचा सल्ला असा की फॉर्म घालून छातीचं माप सीटच्या, म्हणजे नितंबांच्या, मापापेक्षा एक-दोन इंचांहून जास्त नसावं. छाती ४४ आणि सीट ३८ असेल, तर छातीत बसणारा प्रत्येक कपडा कमरेखाली पोत्यासारखा लोंबतो.

फॉर्मची जागाही बघावी लागते. टक पॉइंट, म्हणजे छातीचं टोक, खांदा आणि कोपर यांच्या साधारण मध्यावर यावं. बहुतेक जण फॉर्म फार वर आणि फार जवळजवळ बसवतात, त्यामुळे समोरून खांदे आणखी रुंद वाटतात. रुंद छातीवर दोन्ही फॉर्म किंचित बाहेर सरकवावेत. थेंबाच्या आकाराचा फॉर्म वरून उतरता असतो, म्हणून त्याची कड छातीत मिसळते. गोल फॉर्म चोळीत सुंदर दिसतो, पण पातळ कुर्तीत वरची पायरी दाखवतो.

हे सगळं अंगावर बसलं की टेप हातात घ्यायची. ब्लाउजच्या नेहमीच्या मापांत आम्ही तीन मापं वाढवली: खांद्यापासून टक पॉइंटपर्यंत, एका टक पॉइंटपासून दुसऱ्यापर्यंत, आणि पुढची लांबी व मागची लांबी वेगवेगळी. शेवटचं सर्वात महत्त्वाचं. फॉर्मवरून जाणारं कापड मागच्यापेक्षा एक ते दीड इंच जास्त लागतं. पुढची-मागची लांबी सारखी कापली की कुर्त्याचा पुढचा घेर वर उचलला जातो, बाजूची शिवण पुढे ओढली जाते, आणि बघणाऱ्याला नेमकं काय चुकतंय ते न कळताच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. मुंढ्यापासून, म्हणजे बाही जोडतात तिथून, टक पॉइंटकडे तिरक्या चुण्या येत असतील तर टक, म्हणजे उठाव देणारी शिवलेली घडी, कमी पडला आहे. छातीवर आडव्या चुण्या आल्या तर घेर कमी आहे. दोन्हींचे उपाय वेगळे. तिरक्या चुण्यांवर बाजू उसवून कपडा सैल केल्याने काहीही साधत नाही.

तयार कपडे घ्यायचे तर आधी खांदा बघा. पुरुषाचा खांदा १७-१८ इंचांचा असेल तर एक्सएल किंवा डबल एक्सएल घ्यावाच लागतो. त्यात छाती सामावते, पण कंबर ढगळ राहते. बाजूच्या शिवणीतून आणि पाठीवर दोन उभे टक घालून कंबर आत घेता येते. खांदा किंवा छाती मात्र वाढवता येत नाही, कारण तयार कपड्यात आत माया, म्हणजे शिवणीतलं जास्तीचं कापड, फारशी सोडलेलीच नसते. म्हणून लहान कपडा स्वस्तात मिळाला तरी सोडून द्या.

ब्लाउजला आम्ही प्रिन्सेस कट पसंत करतो. त्याची शिवण टक पॉइंटवरूनच जाते, त्यामुळे ट्रायलमध्ये तिथे पाव इंच सोडता किंवा घेता येतो. कटोरी मोठ्या, गोल फॉर्मला उत्तम. चार टकांचा साधा ब्लाउज लहान फॉर्मपुरताच ठीक. कापड टू बाय टू रुबिया किंवा खण, आत सुती अस्तर. लायक्रा फॉर्मच्या कडेला चिकटून ती उघडी पाडते, आणि सॅटिनवर उजेड नेमका टोकावर चमकतो. बोट नेक खांदे रुंद करतो, फुग्याची बाही त्याहून जास्त. व्ही गळा मान लांब दाखवतो, पण त्याची खोली फॉर्मच्या वरच्या कडेच्या दोन बोटं वर थांबली पाहिजे. उभं राहून आरशात गळा बरोबर दिसतो, वाकलं की खिशातला फॉर्म पुढे येतो आणि गळा उघडतो. म्हणून ट्रायल कच्च्या शिलाईवर घेतो आणि गिऱ्हाइकाला वाकायला, बसायला, दोन्ही हात वर करायला लावतो. बाही कोपराखाली, पाऊण लांबीची ठेवा. छातीच्या पातळीवर संपणारी बाही तिथेच आडवी रेष काढते, आणि दंडही मोठे दिसतात.

साडीत खरी काळजी पिनांची. फॉर्मचं बाहेरचं आवरण पातळ असतं, एका सेफ्टी पिनने भोक पडतं आणि आतला चिकट जेल बाहेर यायला लागतो. चिकटपट्टी लावून एखादी संध्याकाळ निभते, पण तो फॉर्म बदलावाच लागतो. आम्ही ब्लाउजच्या डाव्या खांद्यावर आतून कापडाची पट्टी आणि टिच बटण लावतो. पदराच्या निऱ्या तिथे अडकतात, छातीवर पिन लागतच नाही. ब्रोच वर्ज्य. पुढून हुक असलेल्या ब्लाउजला हुकांच्या आत रुंद पट्टी हवी, नाहीतर हुकाची टोकं फॉर्मवर दाबली जातात. अंगावर कपडा असताना टाचण्या लावून फिटिंग करणारा टेलर असेल, तर त्याला आधीच सांगा.

पंजाबी ड्रेसकडे वळणाऱ्यांना आम्ही अनारकली सुचवतो. खालचा घेर अरुंद सीट झाकतो, फक्त वरच्या भागाची शिवण फॉर्मच्या पूर्ण खाली यायला हवी. ती फॉर्मवर चढली की पोट सुटल्यासारखं दिसतं. छातीवर मोठं फूल किंवा आडवा योक नको. बारीक छाप कड लपवते, उभे पट्टे मात्र फॉर्मवर वाकडे होऊन तीच जागा दाखवतात. वर गडद, खाली फिका पलाझो. बटणांच्या कुर्त्याला एक बटण बरोबर टक पॉइंटच्या रेषेत आणा, म्हणजे दोन बटणांमध्ये फट पडत नाही.

खाडीकाठच्या दमट हवेत फॉर्मच्या मागे घाम साचतो, कारण तिथे हवा खेळत नाही. त्वचेवर तेल किंवा पावडर असली की चिकटवायचे फॉर्म मे महिन्यात तासाभरात सुटू लागतात. आमचा कल खिशाच्या ब्राकडेच. वापरल्यावर कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, टॉवेलने टिपा, त्यांच्याच साच्याच्या डब्यात ठेवा. दुमडून ठेवले तर आवरणाला घडी पडते आणि ते तिथेच फाटतं.

पुष्कळ गिऱ्हाइकांना घरी कपडे ठेवायला स्वतंत्र कपाट नसतं. त्यांच्यासाठी क्रेप घेतो. त्याची छोटी घडी होते, इस्त्री लागत नाही. पार्सल साध्या खोक्यात जातं, वर दुकानाचं नाव नसतं. मापासाठी एका वेळी एकालाच बोलावतो आणि ज्या नावाने हाक मारायला आवडेल तेच वहीत लिहितो.

सध्या शिवलेल्या नऊवारीवर काम चालू आहे. तिचा पदर छातीवरून ताणून मागे जातो आणि डावा फॉर्म दाबतो, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत. पदराला खांद्याजवळ दोन इंच जास्त कापड देऊन तो ताण ब्लाउजच्या पट्टीवर घ्यायचा प्रयत्न आहे. ते जमेपर्यंत नऊवारीच्या ऑर्डरी आम्ही फक्त दुकानात ट्रायलला येऊ शकणाऱ्यांच्याच घेतो, आणि येताना रोजचीच ब्रा व रोजचेच फॉर्म आणायला सांगतो.