उभ्या गाडीतला फ्रीज : किनारा, माळरान आणि डोंगर

कॅम्पर व्हॅनमधल्या फ्रीजचा विषय निघाला की लोक आधी विचारतात, "बॅटरी केवढी लावलीय?" मी उलट विचारतो, "गाडी एका जागी किती वेळ उभी राहणार?" गाडी चालू असेल तर फ्रीज हा प्रश्नच उरत नाही. खरी परीक्षा असते ती उभ्या गाडीची. नुकत्याच केलेल्या लांबच्या फेरीत आम्ही मुद्दाम तीन प्रकारच्या हवेत मुक्काम ठोकले: दमट किनारा, तापलेलं माळरान आणि रात्री कडाक्याची थंडी पडणारा डोंगर. तिन्ही ठिकाणी त्याच फ्रीजचा खर्च वेगवेगळा निघाला.

आमच्याकडे ४५ लिटरचा, वरून उघडणारा कॉम्प्रेसर फ्रीज आहे. गाडीच्या मूळ बॅटरीपासून वेगळी अशी १०० एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, इंजिनकडून ती भरायला ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर आणि टपावर १६० वॅटचं सोलर पॅनल. सोबत एका मित्राची व्हॅन होती. त्याचा फ्रीज आमच्यापेक्षा थोडा मोठा, पण दुसरी बॅटरी नाही. दिवसा तो गाडीच्या मागच्या सॉकेटवर चालायचा आणि रात्री पॉवर स्टेशनवर, म्हणजे उचलून नेता येणाऱ्या मोठ्या बॅटरीच्या पेटीवर.

फ्रीजच्या प्रकाराबद्दल फार लिहीत नाही. स्वस्तातले थर्मोइलेक्ट्रिक कूलर बाहेरच्या तापमानापेक्षा फार तर १५-२० अंश खाली जातात आणि न थांबता ४-५ अँपिअर ओढत राहतात. दिवसाला १०० एएच तिथेच गेले. गॅसवर चालणारे अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रीज आवाज करत नाहीत, पण त्यांना गाडी बऱ्यापैकी सपाट लागते आणि १२ व्होल्टवर ते फार खातात. बॅटरीवर जगायचं असेल तर कॉम्प्रेसरच घ्या. तो चालू असताना ४५-६० वॅट ओढतो, पण थंड झाला की थांबतो. तो किती वेळ थांबतो, यावरच पुढचं सगळं अवलंबून.

पहिले काही दिवस नुसतंच ड्रायव्हिंग होतं. दोन तास गाडी चालली की डीसी-डीसी चार्जर बॅटरीत पन्नासेक एएच टाकतो, म्हणजे बऱ्या हवेत फ्रीजची जवळजवळ दोन दिवसांची सोय. "दोन बॅटऱ्या साध्या रिलेने (आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचने) जोडल्या तर चालणार नाही का?" असं बरेच जण विचारतात. जुन्या गाडीत आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरीला चालायचं. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज मधूनच खाली आणतो, मग दुसरी बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. लिथियमचं उलटं आहे. ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो. चार्जर दोन्ही बाजू सांभाळतो, त्यामुळे इथे काटकसर करू नका.

जेवायला थांबलो तिथे मित्राच्या फ्रीजने तोंड वर काढलं. कॉम्प्रेसर घुर्र करून सुरू व्हायचा, काही सेकंदांत बंद. मिनिटभराने पुन्हा तेच. डिस्प्लेवर लो व्होल्टेजची खूण. बॅटरी तर भरलेली. मल्टिमीटर लावला तर बॅटरीच्या टर्मिनलवर १२.५ आणि फ्रीज चालू असताना प्लगपाशी ११.७. मधले ०.८ व्होल्ट वाटेत गेले होते. गाडीच्या आतली पट्टी काढून पाहिलं तर गाडीसोबत आलेली दीड स्क्वेअर एमएमची बारीक वायर. तिचा रोध दर मीटर लांबीला साधारण १२ मिलिओहम. ५ मीटर जायचं आणि ५ मीटर परत यायचं, म्हणजे ०.१२ ओहम. ५ अँपिअरला ०.६ व्होल्ट तिथेच गळाले. उरलेले ०.२ सिगारेट लायटरच्या प्लगमध्ये. त्याचं पितळी टोक बोटांना जाणवेल इतकं गरम झालं होतं. सुरू होताना कॉम्प्रेसर आणखी जोराने ओढतो, तेव्हा व्होल्टेज अजून खाली, की फ्रीजला वाटतं बॅटरी संपली.

पुढच्या गावात ६ स्क्वेअर एमएमची वायर घेतली आणि थेट बॅटरीपासून मागे ओढली. लायटरचा सॉकेट काढून अँडरसन कनेक्टर बसवला, तो धक्क्यांनी सैल होत नाही. त्यानंतर गळती ०.१५ व्होल्टच्या आसपास. फ्यूज मात्र बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी लगत, वितीच्या आत हवा. फ्यूज फ्रीजला वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. तो फ्रीजपाशी लावला तर मधली सगळी वायर उघडीच.

बॅटरी फार उतरली की फ्रीज स्वतःच बंद होतो; बहुतेक फ्रीजमध्ये या बॅटरी संरक्षणाच्या तीन पातळ्या असतात. फ्रीज गाडीच्या मूळ बॅटरीवर असेल तर 'हाय' ठेवा, म्हणजे सकाळी स्टार्टर मारायला जीव उरतो. वेगळ्या बॅटरीवर असेल तर 'मीडियम' किंवा 'लो'. लिथियमला स्वतःचा बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट, असतोच. आणि काही गाड्यांत किल्ली काढली की सॉकेट बंद पडतो. हे निघण्याआधी बघून ठेवा, नाहीतर रात्रभर बंद फ्रीजला गार समजत बसाल.

पॉवर स्टेशनचा घोळ पहिल्याच मुक्कामी कळला. रात्री १२ व्होल्टच्या पोर्टला फ्रीज लावला, सकाळी आत १४ अंश. पॉवर स्टेशन जवळपास भरलेलं. झालं असं, की कॉम्प्रेसर थांबला की ओढ जवळजवळ शून्यावर येते. पॉवर स्टेशनला वाटतं कुणी वापरत नाही, आणि वीज वाचवायच्या नावाखाली ते पोर्ट झोपवून टाकतं. मेनूत खोलवर दडलेलं ऑटो-ऑफ बंद केल्यावर काम झालं. विकत घ्यायच्या आधी ही सोय आहे का ते विचाराच. मित्राने त्याआधी एक तोडगा सुचवला होता, की फ्रीजचा अ‍ॅडॉप्टर लावून तो पॉवर स्टेशनच्या एसी सॉकेटवर चालवायचा. चालतं, पण महाग पडतं. आतला इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच १०-२० वॅट खातो. १५ धरले तरी दिवसाचे ३६० वॅट-तास, म्हणजे बऱ्या हवेत फ्रीज स्वतः खातो जवळपास तेवढेच. १२ व्होल्टचं यंत्र १२ व्होल्टवरच चालवा. आणखी एक: चालत्या गाडीत लायटर सॉकेटवरून पॉवर स्टेशन ९०-१०० वॅटनेच भरतं. १००० वॅट-तासांचं असेल तर दहा तास गाडी हाकावी लागेल.

किनाऱ्यावर आम्ही दाट झाडीखाली उतरलो. जागा सुरेख, पण टपावरचं पॅनल जवळजवळ सुट्टीवर. दिवसभरात ५-७ एएच आले असतील नसतील. सावलीचं गणित फसवं असतं. पॅनलमधल्या सेल एका माळेत जोडलेल्या असतात, त्यामुळे एका फांदीची सावली कोपऱ्यावर पडली तरी पॅनलचा तिसरा हिस्सा बाद होतो. फ्रीज दिवसाला तीसेक एएच घेत होता आणि दिवे, पंखा, पंप, फोन मिळून आणखी दहा-बारा. म्हणजे दोन-अडीच दिवसांत बॅटरी तळाशी.

गाडी उन्हात नेली तर वीज मिळेल, पण आतली हवा तापून फ्रीज जास्त खाईल. यावर उपाय एकच: गाडी सावलीत आणि पॅनल उन्हात. मित्राचं घडीचं १०० वॅटचं पॅनल लांब वायर लावून मोकळ्या वाळूत मांडलं आणि चहा-जेवणाच्या वेळी सूर्याकडे वळवत राहिलो. सपाट टपावर निजलेल्या पॅनलपेक्षा सूर्याकडे तोंड केलेलं पॅनल सकाळ-संध्याकाळ बरंच जास्त देतं. फक्त ते चार्ज कंट्रोलरमधूनच (पॅनलची वीज बॅटरीला झेपेल अशी करणाऱ्या यंत्रातून) जोडायचं, थेट बॅटरीला नाही. काही घडीच्या पॅनलना मागे कंट्रोलर लावलेलाच असतो. तो असेल तर गाडीतल्या कंट्रोलरमधून पुन्हा नेऊ नका, दोघांचं पटत नाही.

दमट हवेचा त्रास वेगळा. झाकण उघडलं की ओलावा आत शिरतो आणि भिंतीवर बर्फाचा थर धरतो. तो जाड झाला की फ्रीजला गारवा आत पोचवायला जास्त वेळ लागतो. मुलं दर पाच मिनिटांनी झाकण उचलून "काय आहे?" बघत होती. शेवटी आत काय आहे त्याची यादी झाकणावर चिकटवली. हसू नका, मीटरवर फरक दिसला.

माळरानावर खरी कसोटी लागली. दुपारी गाडीत ४० च्या वर. फ्रीज दिवसाला ५५ एएचपर्यंत गेला, म्हणजे किनाऱ्याच्या दुपटीच्या जवळ. ऊन मुबलक असल्याने सोलर भरून काढेल असं वाटतं, पण तापलेलं पॅनलही कमी देतं. सेलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. टपावर ६५ अंश झाले की १२ ते १६ टक्के गेलेच. टपावरून ४५ च्या आसपास एएच येत होते आणि खर्च ७० च्या घरात.

इथे दुसऱ्या बॅटरीपेक्षा एका चौकोनी भोकाने जास्त काम केलं. आमचा फ्रीज पलंगाखालच्या प्लायवूडच्या कप्प्यात आहे. दुपारी फ्रीजच्या हवेच्या जाळीपाशी हात नेला तर आतून गरम झोत येत होता आणि कप्प्याची हवा गाडीपेक्षाही तापलेली. कॉम्प्रेसर आपलीच उष्णता पुन्हा पुन्हा ओढत होता, हमामखान्यात बसून घाम पुसावा तसा. कप्प्याची पुढची फळी काढली, मागे कापून वाट केली आणि १२ व्होल्टचा कॉम्प्युटरमधला छोटा पंखा लावला. पंखा दोन वॅट खातो. कॉम्प्रेसर आता अधूनमधून थांबू लागला. चारही बाजूंनी निदान ५ सेंटिमीटर मोकळं ठेवा, आणि वर इन्सुलेशनचं कव्हर घालणार असाल तर जाळ्या उघड्या राहतील असं बघा.

पाण्याच्या गार बाटल्या भरून ठेवण्याचा सल्ला सगळे देतात. त्याने झाकण उघडल्यावर तापमान पटकन चढत नाही, एवढंच. साठा म्हणाल तर बर्फच हवा. १ लिटर पाणी ४ अंशांनी गार करून जेवढा गारवा जमतो, त्याच्या वीसपट १ लिटर बर्फ वितळताना देतो. म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी कुणाचा डीप फ्रीझर मिळाला की दोन बाटल्या गोठवून तळाशी ठेवत गेलो. तो दिवस बॅटरी निवांत. तसंच निघण्याच्या आदल्या रात्री फ्रीज घरच्या विजेवर गार करा आणि सामानही गार करूनच भरा. गरम सामान बॅटरीवर थंड करणं हा सगळ्यात महागडा उद्योग. तापमान ४ अंश पुरे. उगाच १ वर नेऊन ठेवलं तर प्रत्येक अंशाची किंमत मोजावी लागते.

डोंगरात फ्रीजने सुट्टीच घेतली. दिवसाला १०-१२ एएच. उतारावर गाडी लावली तरी कॉम्प्रेसर फ्रीज कुरकुरत नाही. इथे काळजी बॅटरीची. लिथियम बॅटरी शून्याखाली वीज देते, पण तिला तेव्हा भरायचं नसतं, सेल कायमच्या बिघडतात. चांगला बीएमएस स्वतःच चार्जिंग रोखतो. पहाटे इंजिन सुरू करून चार्जर काही भरत नाही असं दिसलं तर घाबरू नका, गाडी आतून तापू द्या. बॅटरी बाहेरच्या पेटीत न ठेवता गाडीच्या आत ठेवण्याचं हेही एक कारण.

हे सगळे आकडे शंटवाल्या मीटरमुळे कळले. शंट म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजायला वाटेत लावलेला तुकडा. लिथियमचं व्होल्टेज बराच काळ जवळजवळ सपाट राहतं, त्यावरून किती उरलंय ते सांगता येत नाही. शंट बॅटरीच्या निगेटिव्हला लावायचा आणि प्रत्येक उपकरणाची निगेटिव्ह त्याच्या पलीकडून घ्यायची. एखादी थेट टर्मिनलवर राहिली तर तिचा खर्च मीटरला दिसतच नाही.

तुमचा हिशोब असा करा: उभ्या गाडीतल्या सगळ्यात उकाड्याच्या दिवसाचा खर्च धरा, त्यात सोलर शून्य माना आणि जितके दिवस न हलता राहायचं त्याने गुणा. आकडा बॅटरीच्या ८०-९० टक्क्यांत बसला तर काहीही विकत घेऊ नका. लेड-अ‍ॅसिड असेल तर निम्मीच धरा. नाही बसला तर आधी हवा खेळू द्या, मग वायर बघा, मग घडीचं पॅनल, आणि दुसरी बॅटरी सगळ्यात शेवटी. आम्ही पुढच्या फेरीआधी घडीचं पॅनल घेणार आहोत, बॅटरी तीच.

परतल्यावर फ्रीजचा प्लग काढून ठेवा, बंद असला तरी त्याच्या आतला कंट्रोलर थोडं थोडं ओढत राहतो. आतून कोरडा पुसून झाकणात फडकं अडकवून फट ठेवा, नाहीतर बुरशीचा वास महिनाभर जात नाही. लिथियम महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर पूर्ण भरून नको, अर्ध्यावर आणून ठेवा.