क्यूबपलीकडचा टोनी रोझेन्थाल

न्यूयॉर्क बघायला आलेली आपली मंडळी ॲस्टर प्लेसच्या चौकातला पोलादी काळा क्यूब, म्हणजे घनाकृती शिल्प, फिरवतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. तो कुणी केला हे क्वचितच कुणी विचारतं. म्हणून आज टोनी रोझेन्थालबद्दल लिहायला बसलोय. मी भोसरीत फॅब्रिकेशनच्या कामात वाढलेला माणूस, आता न्यू जर्सीत असतो. पत्रा, प्लेट आणि वेल्डिंग यांच्याशी ज्याचा रोजचा संबंध आहे त्याला या शिल्पकाराबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटते.

जन्म १९१४चा, शिकागोजवळच्या हायलँड पार्कचा. तेव्हा नाव बर्नार्ड. १९३६ मध्ये मिशिगन विद्यापीठाची पदवी घेतली, शिकागोत आर्चिपेंको या शिल्पकाराकडे शिकला, मग क्रॅनब्रुकच्या कला अकादमीत कार्ल मिलेसच्या हाताखाली. मिलेस म्हणजे कारंज्यांचा, मानवी आकृत्यांचा शिल्पकार. रोझेन्थालही सुरुवातीला माणसंच घडवायचा. युद्धानंतर तो लॉस एंजेलिसला गेला. तिथल्या पोलीस मुख्यालयाच्या नव्या इमारतीसाठी १९५५ मध्ये त्यानं ब्राँझचं एक कुटुंब केलं. उंच, सडपातळ आकृत्या, पण चेहऱ्यांवर नाक-डोळे नाहीत. झालं, गदारोळ उठला. नगरपरिषदेतल्या एका सदस्यानं तर त्याविरुद्ध आघाडीच उघडली. शिल्प मात्र लागलं. ती इमारतच आता पाडली गेली आहे.

१९६०च्या सुमाराला तो न्यूयॉर्कला आला आणि माणसं हळूहळू कामातून गेली. उरले घन, चकत्या, नळकांडी आणि त्यांच्यातल्या फटी. लॉस एंजेलिसच्या भांडणाचा हा परिणाम, असं मी म्हणणार नाही. त्या काळात अनेकांचं काम त्याच वाटेनं गेलं. पण पन्नाशीच्या उंबरठ्यावर हातातलं जमलेलं काम बाजूला ठेवून आकारांची नवी भाषा शिकायला घेणं सोपं नसतं.

'अलामो' म्हणजेच तो क्यूब, १९६७चा. शहरात ठिकठिकाणी शिल्पं मांडण्याचं एक प्रदर्शन होतं, त्यासाठी केलेला. नाव बायकोनं सुचवलं. त्याचा भारदस्तपणा पाहून तिला टेक्ससमधल्या अलामो या जुन्या किल्ल्याची आठवण झाली. काही महिन्यांनी तो उचलून न्यायचा होता. आसपासच्या लोकांनी सह्यांचा अर्ज केला, राहू द्या म्हणाले, आणि तो राहिला.

प्रत्येक बाजू आठ फूट, पण उभा केलाय कोपऱ्यावर, त्यामुळे टोकापासून टोकापर्यंतचा कर्ण चौदा फुटांच्या आसपास जातो. वजन १,८०० पाउंड, म्हणजे साधारण ८२० किलो. हा आकडा वाचून मी लगेच हिशोब करायला बसलो. भरीव पोलादाचा असता तर शंभर टनांच्या वर गेला असता. सहा बाजूंचं क्षेत्रफळ धरून सगळं वजन नुसत्या पत्र्याचं मानलं, तरी जाडी जेमतेम तीन मिलिमीटर येते. म्हणजे जे डोळ्यांना अवजड दिसतं ते आतून पोकळ आहे. बाजूही सपाट नाहीत. त्यांवर चौकोनी उंचवटे आणि खाचा आहेत. त्यांच्या सावल्या पडतात आणि घन आहे त्याहून जड भासतो. ठोकळा जड दाखवायचा आणि हलका करायचा, दोन्ही एकाच वेळी. ज्यानं शॉपफ्लोअरवर काम केलंय त्याला यातली करामत कळेल.

बाबा इथे आले होते तेव्हा त्यांना तिथे घेऊन गेलो. त्यांचा जन्म फिटर म्हणून गेला. बाकीचे फोटो काढत होते आणि हे गुडघ्यावर हात ठेवून खालच्या कोपऱ्याशी वाकले. मी आणि एका अनोळखी मुलानं मिळून क्यूबला खांदा लावला. आधी काहीच नाही, मग एक कुरकुर, आणि मग जात्यासारखा तो घरघरत फिरायला लागला. बाबांनी तळहात पत्र्यावर टेकवला, थरथर अजमावली आणि विचारलं, "ग्रीस कोण भरतं रे याला?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. घरी येऊन शोधलं तेव्हा लक्षात आलं की या शिल्पाची निम्मी कथा त्याच प्रश्नात आहे. कुणी फिरवावं असं शिल्प चौकात ठेवलं की रोज शेकडो हात लागणार, थंडीत पाणी शिरणार, तो ज्याभोवती फिरतो त्या मधल्या खांबावर ताण येणार. २००५ मध्ये क्यूब दुरुस्तीला नेला, त्याच वर्षी परत आणला. २०१४ मध्ये चौकाचं काम निघालं म्हणून हलवला, तो २०१६च्या नोव्हेंबरला परतला. २०२१ पासून तो फिरेना. बाजूनं टेकू देऊन तसाच उभा ठेवला होता. २०२३च्या मे महिन्यात पुन्हा उचलला आणि जुलैत फिरता करून आणून बसवला. शिल्पकार जाऊन तोवर चौदा वर्षं झाली होती. शहरानं दर वेळी तो परत आणला, याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

कारण त्याच मॅनहॅटनमध्ये उलटंही घडलंय. रिचर्ड सेराची 'टिल्टेड आर्क' १९८१ मध्ये फेडरल प्लाझात उभी राहिली. १२० फूट लांब, १२ फूट उंच, कलती पोलादी भिंत. ती कायमची म्हणून बसवली होती. वाट अडते म्हणून तक्रारी झाल्या, १९८५ मध्ये सुनावणी झाली. तिथे बोलणाऱ्यांपैकी १२२ जण भिंत ठेवा म्हणाले आणि ५८ जण काढा म्हणाले. तरी १९८९च्या मार्चमध्ये एका रात्री ती कापून नेली. ती त्या जागेसाठीच घडवली आहे, हलवली तर ती उरतच नाही, असं सेराचं म्हणणं होतं आणि मला ते पूर्ण पटतं. सेरा फार मोठा शिल्पकार, तिथे त्याच्यावर अन्यायच झाला. पण काही महिन्यांसाठी आलेला क्यूब राहतो आणि कायमची भिंत जाते, यातलं एक कारण मला हातांत दिसतं. रोझेन्थालनं ढकलणाऱ्याला वाटा दिला. २००३ मध्ये पोरांनी क्यूबवर रंगीत पुठ्ठे चिकटवून त्याचा रुबिक क्यूब केला होता. आपलं वाटल्याशिवाय एवढी मेहनत कोण घेतं!

मिशिगनला ॲन आर्बरमध्ये या क्यूबचाच भाऊ आहे, 'एंडोव्हर', १९६८चा. स्वतःच्या विद्यापीठात आपलं काम उभं राहिलेलं रोझेन्थालला बघायला मिळालं. तो क्यूब एकट्या माणसालाही फिरवता येतो. विद्यापीठाचे अध्यक्ष रोज सकाळी तो फिरवतात आणि मगच विद्यापीठ सुरू होतं, असं तिथली मुलं सांगतात.

पण मला सर्वांत जास्त आवडतं ते 'फाइव्ह इन वन', १९७४चं. एकमेकींत अडकलेल्या पाच प्रचंड चकत्या, न्यूयॉर्कच्या पाच बरोंसाठी, म्हणजे शहराच्या पाच विभागांसाठी. ते उभं आहे न्यूयॉर्कच्या पोलीस मुख्यालयासमोर. लॉस एंजेलिसच्या पोलीस मुख्यालयावर चेहरे नाहीत म्हणून ज्याच्यावर एवढी टीका झाली, त्यानं वीस वर्षांनी दुसऱ्या पोलीस मुख्यालयासमोर नुसती वर्तुळं मांडली. ते फिरत नाही, तुम्हीच त्याच्याभोवती फिरायचं. दोन पावलं सरकलात की चकत्यांमधली फट मिटते आणि दुसरीकडे उघडते.

तेव्हा क्यूब फिरवून झाला की लगेच परत फिरू नका. तिथूनच डाउनटाउनला जाणारी ६ नंबरची ट्रेन धरा आणि शेवटच्या ब्रुकलिन ब्रिज-सिटी हॉल स्टेशनला उतरा. पोलीस प्लाझा तिथून अगदी चालत आहे. फेडरल प्लाझाही जवळच आहे, वेळ असेल तर भिंत जिथे होती ती जागाही बघून या.