सायकल उचलण्यासाठी दोरीची मूठ: माझा अनुभव

माझी सायकल साधारण १६ किलोंची आहे आणि ती रोज दोन जिने चढवून घरात न्यावी लागते. दांडीखाली हात घालून उचलली की कोपर सतत वाकलेले राहते, मनगट भरून येते आणि वळणावर पॅडल नेमके नडगीवर बसते. हात खाली सरळ सोडून पिशवीसारखी धरता येईल अशी मूठ दोरीपासून आपणच करावी, असे ठरवले.

दोरी पॅराकॉर्डची घेतली. मुळात पॅराशूटसाठी वापरल्या जाणाऱ्या या ४ मिलिमीटर जाडीच्या नायलॉनच्या दोरीत, विणलेल्या वेष्टनाच्या आत सात बारीक दोरे असतात आणि तिची ताणशक्ती सुमारे २५० किलो मानली जाते. गाठ मारल्यावर ही ताकद बरीच घटते, कधी निम्म्यावरही येते. तरीही तीन-चार पदर घेतल्यावर सायकलीच्या वजनाची काळजी उरत नाही. माझी काळजी चुकीच्या ठिकाणी होती, हे नंतर कळले.

पहिली मूठ मी दांडीलाच बांधली. दोन ठिकाणी वेढे देऊन मध्ये पकड सोडली आणि उचलताच दोन गोष्टी झाल्या. वेढे दांडीवरून सरकून सीटकडे गेले, त्यामुळे पुढचे चाक पायरीवर आदळले. आणि दांडीखालून जाणारी मागच्या ब्रेकची वायर दोरीखाली दबून ताणली गेल्याने ब्रेक रीमला चिकटून बसला. दोरी आणखी आवळली, तेव्हा ब्रेक आणखी घट्ट झाला! शिवाय हाताची उंची जवळपास पूर्वीइतकीच राहिल्यामुळे मूळ त्रास होता तसाच होता.

मग आधी तोल शोधायचे ठरवले. दांडीखाली दोन बोटे घालून, दोन्ही चाके एकाच वेळी जमिनीवरून सुटतील ती जागा मिळेपर्यंत बोटे मागेपुढे सरकवली. माझ्या सायकलीत ती दांडीच्या मागच्या टोकापासून सुमारे एक वीत पुढे निघाली. तिथे चिकटपट्टी लावून दोऱ्याला एक नट बांधला आणि ओळंबा सोडला. तो सीटखालची उभी नळी आणि पुढून येणारी तिरकी नळी यांच्या मधून खाली गेला. या दोन नळ्या पॅडलच्या आसापाशी एकत्र येतात आणि वर जाताना एकमेकींपासून दूर होत जातात. तिथे आडवी मूठ बांधली, तर उचलताना वेढे वर सरकू पाहतील, पण वर अंतर वाढत असल्यामुळे दोरी स्वतःच ताणली जाऊन जागेवर अडेल. गाठीवर मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या, आणि निम्मे काम नळ्यांच्या त्या कोनानेच करून टाकले.

आसापासून सुमारे २२ सेंटीमीटर वर, जिथे नळ्यांमध्ये वीतभर अंतर पडते, तिथे जुन्या ट्यूबची रुंद पट्टी दोन्ही नळ्यांना गुंडाळली, म्हणजे रंग खरवडला जात नाही आणि दोरीही धरून राहते. तिरक्या नळीवरचा बाटलीचा स्टँड मात्र काढावा लागला. ट्यूबच्या पट्ट्यांवरून दोन्ही नळ्यांमध्ये दोरीचे चार पदर ताणून घेतले आणि टोके निरगाठींनी पक्की केली.

उघडे पदर बोटांत रुतत असल्यामुळे त्यांच्यावर मॅक्रमेसारखी, म्हणजे गाठी मारत केलेली, वीण घातली. एकदा डावीकडचा आणि एकदा उजवीकडचा दोर पुढे घेऊन गाठ मारत गेले की सपाट पट्टी तयार होते; गप्पांच्या नादात मी एकाच बाजूने मारत राहिलो आणि वीण जिन्यासारखी पीळ घेत फिरली, तेव्हा आठ-दहा गाठी उसवाव्या लागल्या. १४ सेंटीमीटरच्या विणीला जवळपास पावणेदोन मीटर दोर लागला. पहिल्या खेपेस मी मीटरभरच घेतला होता आणि तो मध्येच संपला. कापलेली टोके लायटरने वितळवून चमच्याच्या पाठीने दाबावीत. मी पहिले टोक बोटाने दाबले आणि वितळलेले नायलॉन कातडीला किती घट्ट चिकटते ते कळले.

आता मी सायकलीच्या डाव्या बाजूला उभा राहतो, म्हणजे साखळी कपड्यांपासून लांब राहते, आणि उजवा हात दांडीवरून पलीकडे टाकून मूठ धरतो. कोपर सरळ राहते आणि दांडी काखेखाली टेकून सायकल कलंडत नाही. पुढचे चाक मात्र वळून भिंतीवर आपटत असे, म्हणून ट्यूबच्याच एका पट्टीने ते उचलण्याआधी तिरक्या नळीशी बांधतो.

नायलॉन ताण घेत असल्याने पहिल्या आठवड्यात मूठ सैल पडून झुलू लागली आणि चालवताना मांडीला घासू लागली. गाठी सोडून पदर पुन्हा ताणले, तेव्हापासून ती सरळ आहे. महिन्यातून एकदा उभ्या नळीजवळचा वेढा बोटाने चाचपून बघतो, कारण सर्वांत आधी दोरी तिथेच झिजते. चौथ्या महिन्यात तिचे वेष्टन पांढुरके पडून तंतू बाहेर आलेले दिसले आणि तेवढा भाग मी नव्याने बांधला.