मोठी नळी उघडली, पण बारक्यांचं काय?

हार्ट अटॅक आला, आणि कॅथलॅबच्या (हृदयाच्या नळ्या तपासून उघडायची खोली) टेबलावर आडवा झालो तोच डॉक्टरांनी विचारलं, "पोटातून कधी रक्त गेलंय?" इथे छातीवर जातं ठेवल्यासारखं झालंय आणि हे पोटाचं विचारतायत! म्हटलं, हो, दोन वर्षांपूर्वी अल्सर फुटला होता. ते शेजारच्याला म्हणाले, "हेपरिन नको, बायव्हॅलिरुडिन लावा."

पुढे हे नाव पाठच झालं. दोन्ही रक्त गोठू न देणारी औषधं. हेपरिन रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिन या प्रथिनाला हाताशी धरून काम करतं, त्यामुळे गुठळीत रुतलेल्या थ्रॉम्बिनपर्यंत (रक्त गोठवतं ते हेच) ते फारसं पोचत नाही. बायव्हॅलिरुडिन थ्रॉम्बिनलाच थेट धरतं, गुठळीतल्यासुद्धा. मूळ कल्पना जळवेच्या लाळेतली (बायकोने हे ऐकून तोंड वाकडं केलं). २००८ च्या हॉरायझन्स-एएमआय अभ्यासात, हेपरिन आणि आणखी एका औषधाच्या जोडीपेक्षा याने रक्तस्राव कमी झाला. पण पहिल्या २४ तासांत स्टेंटमध्ये गुठळ्या जास्त झाल्या. किडनी ठीक असली तर हे २५ मिनिटांत निम्मं उतरतं, आणि अटॅकमध्ये गिळलेल्या गुठळी रोखणाऱ्या गोळ्यांना अंगी लागायला वेळ लागतो. मधली ती फट!

म्हणून स्टेंट बसल्यावरही माझा या औषधाचा पंप पूर्ण डोसवर चालूच. रात्री हात वाकला की तो ओरडायचा. "काढा की आता," म्हटलं, तर सिस्टर म्हणाल्या, "हात सरळ ठेवा काका, वेळ झाली की मीच काढते."

त्याआधी टेबलावरच एक प्रकार झाला. स्क्रीनवर नळी भरलेली बघून मी विचारलं, "झालं ना?" डॉक्टर म्हणाले, "पाट मोकळा झाला. पाणी वाफ्यात पोचतंय का, ते बघू." अर्ध्या मिलिमीटरहून बारीक नळ्या अँजिओग्राफीत दिसतच नाहीत. सेन्सर असलेली तार आत घातली, शिरेतून बारक्या नळ्या सैल करणारं अडेनोसिन सोडलं. चेहरा भाजल्यासारखा झाला, श्वास अडला; वाटलं, परत अटॅक! मग सलाईनच्या तीन पिचकाऱ्या. बारक्या नळ्यांतल्या अडथळ्याचा आकडा आला ३२. पंचविसाच्या आत चांगला, चाळिसाच्या वर काळजीचा. म्हणजे मी अधांतरी.

डिस्चार्जच्या दिवशी विचारलं, या औषधाने बारक्या नळ्या वाचल्या का? म्हणाले, एका पेशंटवरून ते सांगता येत नाही. गुठळीचा चुरा, सूज, नळ्यांचं आकसणं, सगळंच त्यात येतं. मग चष्म्यावरून बघत, "दुखायला लागल्यावर घरी किती वेळ काढलात?"

अडीच तास. ॲसिडिटीची गोळी चघळत.