ताप पोराला, धोका आत्यांना

मागच्या ऑगस्टचा तिसरा आठवडा. त्या दिवसांत सांगलीत कुणीही भेटलं तरी पहिला प्रश्न एकच, "आयर्विनला पाणी किती?" (आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, पुराचं पाणी तिथं मोजतात.) आमच्या घरात मात्र वेगळाच आकडा चालू होता, धाकट्याचा ताप. सोमवारी रात्री १०३. वर्गातली निम्मी पोरं आधीच आडवी झालेली, त्यामुळे कुठून आलं ते शोधायची गरज नव्हती.

घरातलं पॅरासिटामॉल संपलेलं. ड्रॉवर उपसताना आत्यांची हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिनची स्ट्रिप हाताला लागली. (सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो.) यातली अर्धी देऊ का, असं फॅमिली डॉक्टरांना फोनवर विचारलं, तर ते जवळजवळ ओरडलेच. फ्लूमध्ये किंवा कांजिण्यांमध्ये लहान मुलांना अ‍ॅस्पिरिन दिलं तर क्वचित मेंदूला सूज येते, यकृत बिघडतं, आणि तो क्वचितपणा आपल्या पोरावर आजमावायचा नसतो, हे तेव्हा कळलं. हे भर पावसात जाऊन पॅरासिटामॉल घेऊन आले.

पुढचे दोन दिवस मी पोराच्या उशाशी. कपाळावर घड्या, दर चार तासांनी थर्मामीटर. आत्या दारातून डोकावून "उतरला का गं?" विचारायच्या. बुधवारी त्यांनाही जरा कणकण आली. ताप पाहिला, ९९ च्या थोडा वर. "अंग मोडून आलंय, एवढंच. तू त्याच्याकडं बघ," म्हणाल्या. मी सुंठेचा काढा दिला, रात्री हळद घालून दूध दिलं आणि पुन्हा पोराकडे वळले.

ही माझी चूक, सरळ सांगते. आत्यांचं वय ७२. अठरा वर्षांची शुगर, दम्याचा पंप, २०२१ मध्ये झालेली अँजिओप्लास्टी. हे सगळं मला पाठ होतं, औषधांचे डबे मीच भरते. पण डोक्यात हिशेब एवढाच, की जास्त ताप म्हणजे जास्त आजारी.

गुरुवारी सकाळी त्यांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. हसून सोडून दिलं. दुपारी मला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली, तेव्हा मात्र पोटात गोळा आला. शुगर तपासली, ३१२. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर शोधून बोटाला लावला, ऑक्सिजन ८९. ताप तेव्हाही ९९.४ च होता.

गाडी काढून मिरजेला गेलो. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे झालं ते कुठंही झालं असतं. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "ताप किती?" ९९ ऐकून म्हणाला, "बसा." बसलो. पाऊण तास. शेजारी एक तरुण १०२ ताप घेऊन आला, त्याला आधी आत घेतलं. मला रागही आला नाही, कारण तीन दिवस मीही तेच केलं होतं.

आत गेल्यावर एका तरुण डॉक्टरीण बाईंनी ताप सगळ्यात शेवटी विचारला. आधी वय, शुगर, दमा, हृदय, किडनी, स्टेरॉइड चालू आहे का, कॅन्सरचे काही उपचार झालेत का. मग घरात अजून कोण कोण आहे. म्हातारपणी शरीर ताप काढायलाच कमी पडतं, म्हणाल्या. फ्लू झालेला म्हातारा माणूस कधी कधी नुसता गोंधळतो, जेवत नाही, पडतो. मिनिटाला श्वास मोजले, २८. फ्लूच्या रुग्णांचे अ, ब, क असे गट स्वाइन फ्लूच्या वेळेपासून आपल्याकडे करतात. साधा सर्दीताप असेल तर अ, त्याला घरीच विश्रांती. ताप साधाच, पण माणूस जोखमीतला असेल तर ब, तिथं तपासणीची वाट न बघता औषध. धाप, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब उतरणं, नखं निळी पडणं यातलं काही असेल तर क, म्हणजे भरती. आत्या थेट क मध्ये गेल्या.

नाकातला आणि घशातला स्वॅब घेतला, पण रिपोर्टची वाट पाहिली नाही. ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगी. आम्ही अजून त्या मुदतीत होतो. नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम दोनदा, पाच दिवस. पण आत्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे किडनी कमी काम करत होती, म्हणून ३० चा दिला. एक्स-रेत उजव्या फुफ्फुसात खाली डाग. फ्लूनं वाट करून दिली की मागोमाग जिवाणूंचा न्यूमोनिया शिरतो, म्हणून अँटिबायोटिकही. मास्कनं ऑक्सिजन. शुगरसाठी गोळ्या थांबवून दिवसातून चारदा इन्सुलिन.

ईसीजी मात्र रोज का, ते मला कळेना. छातीत तर दुखत नव्हतं. तेव्हा बाईंनी २०१८ च्या कॅनडातल्या एका अभ्यासाचं सांगितलं: फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका सुमारे सहा पट होतो. फ्लू म्हणजे नाक-घसा एवढंच माझ्या डोक्यात. त्या रात्री बाकड्यावर डोळा लागला नाही.

हे बाहेरून चहा घेऊन आले आणि म्हणाले, "आपल्या पुरासारखंच आहे की. धोक्याची पातळी ४५ फूट, पण नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉटात पाणी त्याच्या कितीतरी आधी शिरतं." मी म्हटलं, तुमचं घर तरी कुठं उंचावर आहे? कारण तोवर बाईंनी यांनाही उभं करून वजन केलं होतं. ११८ किलो, उंची पाच फूट सहा इंच, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, चाळिसाच्या वर. एवढं वजन हीसुद्धा फ्लूत जोखीमच, हे २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत ठळकपणे दिसलं. "मला कुठला आजार आहे?" म्हणून हे दोन दिवस रुसले. मग घसा धरला तेव्हा निमूट गोळ्या घेतल्या.

खरी धावपळ नणंदेची. सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आलेली. तिचाही घसा खवखवायला लागला होता, ताप नाही. मी फोनवर सहज बोलले, तर बाईंनी त्याच दिवशी औषध सुरू करायला सांगितलं. पोट वाढलं की फुफ्फुसांना जागा कमी पडते, हृदयावर ताण असतो, प्रतिकारशक्तीचं गणितही बदलतं. हा धोका बाळंतपणानंतरही दोन आठवडे राहतो. पोटातल्या बाळाला औषध सोसेल का, यावर तिच्या सासरहून तीन फोन आले. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनीच शेवटी सगळ्यांना गप्प केलं. कॉलनीतल्या दोन मेडिकलमध्ये गोळ्या नव्हत्या, तिसऱ्यात मिळाल्या.

रिपोर्ट आला, इन्फ्लुएंझा ए, एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लूच. सातव्या दिवशी आत्या घरी आल्या. धाकटा तर पाचव्या दिवशीच सायकल फिरवत होता. पाच वर्षांखालची, त्यातही दोन वर्षांखालची मुलं जोखमीत येतात. हा अकरा वर्षांचा, धडधाकट.

लस बरं झाल्यावर घेतली. विषाणू बदलतो म्हणून लसही दरवर्षी नवी, आणि अंगी लागायला दोन आठवडे; म्हणून यंदा पावसाच्या आधीच, जूनच्या सुरुवातीला सगळे गेलो. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण आत्यांसारख्यांचं हॉस्पिटलपर्यंत जाणं कमी होतं. नणंदेनं आठव्या महिन्यातच घेतली होती. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही, आईकडून जे जाईल तेवढंच त्याचं.

आत्या अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवत सांगतात, "उगाच आठ दिवस सुया टोचल्या बघा. ताप तर नव्हताच की मला."