तुम्ही विचारलंत म्हणून : न गाणाऱ्याच्या घरातला तंबोरा

घरी आलेला पाहुणा चहा संपेपर्यंत कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे पाहत राहतो आणि शेवटी विचारतो, "तुम्ही गाता का?" मी नाही म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "मग हा कशाला?" आजवर मी हसून वेळ मारून नेली, पण इतक्या जणांनी विचारल्यावर एकदा नीट उत्तर द्यायला हवे.

हा तंबोरा माझ्या आत्याचा. घडवलेला मिरजेत, भोपळा पंढरपूरकडचा. हिंदुस्थानी संगीतातल्या किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ ज्या मिरजेत येऊन राहिले आणि १९३७ साली त्यांचे दफनही जिथे झाले, त्याच गावात आत्या त्या घराण्याचे गाणे शिकली. तिने मैफल कधी केली नाही. मात्र एकेका स्वरावर थांबायला शिकवणाऱ्या त्या गाण्याने तिचे बोलणेही संथ करून टाकले होते. वाक्य संपवण्याची तिला कधी घाई नसे, आणि आम्हा मुलांना त्याचा फार कंटाळा येई.

तिच्यानंतर वाद्य माझ्याकडे आले तेव्हा मला ते फक्त पुसता येत होते. जुळवायला शिकण्यात दोन वर्षे गेली. पहिली तार पंचमाची, म्हणजे 'प'ची; मधली जोड षड्जाची, म्हणजे 'सा'ची; शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या 'सा'ची. खुंटी पिळून तार जवळपास आणायची, तारेत ओवलेला मणी सरकवून उरलेला केसभर फरक मिटवायचा आणि मग घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली घातलेला सुताचा धागा अगदी हळू पुढेमागे करत राहायचे. तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशा एका जागी कोरडी वाजणारी तार एकदम उघडते आणि गुंजू लागते, ही जवारी. खर्ज नेमका लागला, की कुणीही न छेडलेला गांधार, म्हणजे 'ग', त्यातून ऐकू येतो. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा शेजारी रेडिओ लागला आहे की काय, हे पाहायला मी उठलो होतो.

हा गांधार रोज भेटत नाही. मी चिडलेला असलो, की खुंटी जास्त पिळली जाते आणि तार तुटते. कोरड्या हवेत खुंट्या सरकतात, त्यांना खडू लावावा लागतो; त्या दिवसांत दोष हवेचा की माझा, हे कळत नाही. मोबाइलमधला तंबोरा कधी उतरत नाही, हे खरे. पण त्याच्यासमोर बसून मला करण्यासारखे काही उरत नाही.

यामुळे माझा स्वभाव निवळला, असे मी म्हणणार नाही. घरच्यांना विचाराल तर वेगळेच ऐकायला मिळेल. बदलले ते कान, आणि घराची सकाळ. सहाच्या आत आमच्याकडे मिक्सर लागत नाही. दांडीवर आत्याच्या हाताने पॉलिश उडालेली एक जागा आहे. माझा हात तिच्या चार बोटे खाली पडतो, आणि तो वर सरकवावा असे मला अजून वाटलेले नाही. मुलगा दिवसभर कानात यंत्र घालून भलतेच संगीत ऐकतो, त्याबद्दल मी बोलणे सोडले आहे. परवा मात्र पांघरुणातूनच त्याचा आवाज आला, "बाबा, पंचम उतरलाय." उतरला होता.