आजोबांचं नाव आहे का?

परवा दारात कुरिअरवाला पोऱ्या उभा. "काका, धोंडीराम आजोबांना बोलवा, ओटीपी लागंल." मीच तो म्हटल्यावर त्यानं आधी पाकिटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

त्याचंही बरोबर आहे. आमच्या गावच्या मतदार यादीत धोंडीराम, धोंडिबा सापडतात ते सगळे साठीच्या पुढचे. पुतण्याच्या वर्गात आरव तीन आहेत, धोंडू एकही नाही. ऑफिसात मी डी. आर. शाळेत तर गणिताचे गुरुजी माझ्या टाळक्यावर टिचकी मारून विचारायचे, "आतपण धोंडाच का रे?"

नावाचं कारण आत्या फार हौसेनं सांगायची. अधिक मास म्हणजे आमच्याकडं धोंड्याचा महिना. त्यात झालेल्या पोराला धोंडीराम म्हणायची रीतच. माझं साल 1974, त्या वर्षी भाद्रपद अधिक होता, म्हणजे हिशोब जुळतो. दाखल्यावर तारीख 1 जून आहे, पण ती गुरुजींनी टाकलेली. आमच्या निम्म्या वर्गाचा वाढदिवस त्याच दिवशी.

2023 ला श्रावण अधिक आला. दाजी जेवायला येणार म्हणून आई धोंडे करत होती. कणकेच्या पारीत पुरण भरायचं, तोंड बंद करायचं, उकडायला ठेवायचं. मी सहज म्हणालो, माझाच महिना की हा. तिनं मान वर केली नाही. "कुठला तुझा? तू पितरपाटात झालास. धोंड्याचा महिना सरला होता."

मग हातातली पारी वळत वळत म्हणाली, "तुझ्याआधी दोन गेले. पहिल्याचं राजेंद्र ठेवलं होतं. दुसऱ्याचं बारसंच झालं नाही."

एवढंच. पुरण हाताला चिकटत होतं, तिनं तूप मागितलं.

लेकरं जगत नसली की पुढच्याला दगडू, धोंडू, केरू, भिकू म्हणायचं. दगड नाहीतर केर, नेऊन काय करणार? हे फक्त खेड्यातल्या अडाण्यांचं होतं असं कुणी समजू नये. गणिती केरोपंत छत्र्यांचं खरं नाव विनायक. 1857 च्या उठावातले नानासाहेब पेशवेही धोंडोपंतच. महर्षी कर्व्यांना हे नाव कशावरून पडलं ते मला ठाऊक नाही, पण धोंडो केशव 1858 ला जन्मले आणि 1962 पर्यंत जगले. 104 वर्षं! शंभरी भरली त्या साली भारतरत्न. आमच्या नावाची यापेक्षा चांगली जाहिरात नाही.

आई मला धोंडीराम असं पुरतं कधीच म्हणत नाही. धोंड्या. पाहुण्यांसमोरही, पन्नाशीच्या घोड्याला. बायकोनं एकदोनदा सुचवून पाहिलं, "आई, निदान चारचौघांत तरी..." आई बरं म्हणते. पाच मिनिटांनी ओसरीवरून हाक येते, "धोंड्याऽऽ, गॅस संपला बघ!"